ओळखीचे शब्द



'बूमरँग' म्हणजे फेकणाऱ्याकडे परत येणारे वाकडे लाकडी हत्यार. हा शब्द ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भाषेतून इंग्रजीत व तेथून मराठीत आला. एखाद्याचा डाव त्याच्यावरच उलटला, की 'डाव बूमरँग झाला' असे म्हणतात.

शब्दही असेच उलटतात. देवगाव रंगारीच्या बाजारात 'दुकान', 'वजन' हे शब्द मराठी व उर्दू दोन्ही भाषांत ऐकू येतात. अरबी-फारसीतून आलेले असे अनेक शब्द मराठीच्या पुस्तकात तुम्हांला भेटतील. पण सांभाळा! उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. अर्थ न पाहता वापरलेला शब्द आपल्याच अंगाशी येतो.

म्हणून मला वाटते, मराठीला परकी समजू नका. मात्र ओळखीच्या शब्दाचाही अर्थ विचारून घ्या.