मीटर खोटं बोललं, पेडल खरं

आजची गोष्ट तशी मोठ्या माणसांची आहे. गाडी घेण्याची. पण त्यात डोकं चालवलं ते आठवीतल्या एका मुलानं. तो माझा भाचा आहे, म्हणून मामा कौतुक सांगतोय असं समजू नका. (बरं, थोडंसं समजा!)

माझी ताई मुलुंडला राहते. घरात भावजी, भाचा, धाकटी भाची आणि भावजींच्या आई. आजींचे गुडघे इतके दुखतात की एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. दोन वर्षं झाली, त्या चिपळूणजवळच्या आपल्या गावी गेलेल्या नाहीत. शेवटी ठरलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. ताईची भिशी, भावजींचा बोनस, सगळं मिळून सव्वादोन लाख रुपये. त्यावर एक पैसा नाही.

एलबीएस मार्गावरच्या एका दुकानात पहिली गाडी पाहिली. मीही गेलो होतो. दहा वर्षांची गाडी, पांढरीशुभ्र, आत अत्तराचा वास. मीटरवर आकडा ४१,३००. भावजी एकदम खूश! "दहा वर्षांत एवढीच चाललीय. म्हणजे नवीच म्हणायची!"

भाचा मात्र बोटं मोडत गणित करत होता. दहा वर्षं म्हणजे ३,६५० दिवस. म्हणजे दिवसाला साधारण ११ किलोमीटर. मुलुंडहून निघून घाटकोपरला पोचेपर्यंत संपलं की! परत यायचंच नाही? अर्थात, असं असूही शकतं. गाडी फक्त रविवारी बाहेर काढणारी माणसं असतात. पण मग गाडी तशी दिसायला नको का?

पठ्ठ्यानं दार उघडलं आणि थेट खाली वाकून पेडलं पाहिली. क्लचच्या पेडलवर रबर असतं, त्यावर पाय घसरू नये म्हणून रेघा असतात. त्या रेघा पार पुसून गेल्या होत्या, रबर गोट्यासारखं गुळगुळीत. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली. रोज चढउतार करताना आपण तिथेच बसतो ना! स्टिअरिंगला कोरं करकरीत कव्हर. बोनेट उघडलं, तर आतल्या बाजूला एक अर्धवट खरवडलेलं स्टिकर. गॅरेजवाले ऑइल बदलल्यावर लावतात तसलं. 'पुढचं ऑइल' आणि खाली पेनानं लिहिलेलं : ९६,०००.

"काका, ४१ हजारांच्या गाडीला ९६ हजारांचं स्टिकर कसं?"

दुकानदार हसला. "अरे बाळा, पोरानं दुसऱ्या गाडीचं चिकटवलं असेल."

असेलही. एकट्या स्टिकरवरून कुणाला चोर ठरवू नये. पण पेडल, सीट आणि स्टिकर तिघंही एकाच दिशेला बोट दाखवायला लागले, की आपण हात जोडून बाहेर पडावं. आम्ही पडलो. भावजी रस्ताभर गप्प होते.

मीटर मागे फिरवणं ही जुनीच खोड आहे. पूर्वीच्या मीटरमध्ये आकड्यांची छोटी चाकं असायची. बऱ्याच गाड्यांत ती पाचच, त्यामुळे ९९,९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं! मग १२,००० दिसतात ते खरे बारा हजार, का एक लाख बारा हजार, हे तुम्हीच ओळखा. आता आकडा इलेक्ट्रॉनिक झाला, तर लॅपटॉप जोडून तोही बदलणारे बहाद्दर निघाले. आकडा पुसून नवा लिहिता येतो हो, पण झिजलेलं रबर पुन्हा वाढत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मामा, तुम्ही एवढे हुशार, मग तुम्ही कधी फसलाच नसाल. ऐका तर. २६ जुलै २००५ हा दिवस आईबाबांना विचारा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अर्ध्या उपनगरातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढच्या वर्षी मला एक गाडी मिळाली, फारच स्वस्तात. मीटरवर किलोमीटर अगदी कमी, आणि ते खरेच होते! पण पहिल्या पावसात आत कुबट वास सुटला. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, तोही रात्री दोन वाजता. सगळी सोसायटी खिडकीत! मिस्त्रींनी कार्पेट उचललं, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर आणि सीटच्या पट्ट्या गंजलेल्या. तेव्हापासून मी कुठलीही जुनी गाडी बघताना आधी कार्पेट उचलतो आणि स्टेपनी काढून त्या खड्ड्यात हात घालतो. लोक हसतात. हसू देत.

मग जास्त चाललेली गाडी म्हणजे निकामी गाडी का? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीला विचारा. ही गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. टॅक्सी म्हणून दिवसाला १०० किलोमीटर धरा, वर्षाचे ३०० दिवस, झाले ३० हजार. दहा वर्षांत तीन लाख! तरी ती धावायची. कारण इंजिन साधं, सुटे भाग कोपऱ्यावर मिळायचे, आणि तिच्यावरच पोट असल्यामुळे टॅक्सीवाल्याचा कान सतत इंजिनाकडे असायचा. जरा धूर मारला की रिंगा बदल, घरघर आली की बेअरिंग बदल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. म्हणजे तिला थांबवलं ते नियमानं, मीटरनं नव्हे.

आणि अमेरिकेत इर्व गॉर्डन नावाचे एक विज्ञान शिक्षक होते. १९६६ साली घेतलेली व्होल्वो त्यांनी इतकी चालवली, की २०१३ साली तिचे ३० लाख मैल पूर्ण झाले. किलोमीटर किती, ते तुम्ही काढा. (४८ लाखांच्या वर येतात. चंद्रापर्यंत सहा वेळा जाऊन आल्यासारखं!)

अजून एक गंमत. मीटर किलोमीटर मोजतं, पण इंजिन तर सिग्नलला उभं असतानाही चालू असतं. संध्याकाळी घाटकोपरच्या गर्दीत तासाभरात गाडी पाच किलोमीटर सरकते, तेवढ्यात क्लच आणि ब्रेक शंभरदा दाबले जातात. तोच तास हायवेवर काढलेली गाडी साठ किलोमीटर जाते, आणि क्लचला जवळजवळ सुट्टी! ट्रॅक्टरला तर किलोमीटरपेक्षा इंजिन चालल्याचे तास महत्त्वाचे, म्हणून तिथे मीटर तासांचं असतं. तेव्हा किती चालली याइतकंच, कुठे चालली हेही विचारायचं.

दुसरी गाडी बोरिवलीला मिळाली. मालक निवृत्त गृहस्थ. नोकरीच्या निमित्तानं दर आठवड्याला नाशिकला जायचे. मीटरवर १,३८,४००. भावजींनी आकडा ऐकूनच फोन ठेवला होता. भाच्यानं हट्ट धरला म्हणून आम्ही गेलो. ह्या वेळी सोबत घाटकोपरचे आमचे मिस्त्री होते.

मिस्त्रींनी पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवला. थंड! "बेटा, हे पहिलं. बोनेट गरम असलं तर समजायचं, आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय. थंड गाडीच खरं बोलते." मग चावी फिरवली आणि भाच्याला मागे सायलेन्सरजवळ उभं केलं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. पांढरा दाट धूर, जो थांबतच नाही, तो सगळ्यात वाईट, कारण इंजिनात पाणी शिरत असण्याची शक्यता. सकाळी सकाळी थोडी वाफ निघते, तिला घाबरायचं नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली. दुधाच्या चहासारखं दिसलं असतं, तर पाणी मिसळलंय म्हणून तिथूनच परत. ते काळपट होतं, ठीक.

मालकांनी एक फाइल आणून ठेवली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. भाच्यानं जमिनीवर बसून सगळे आकडे ओळीनं लिहून काढले : ९,८००, २०,१००, २९,९००... आकडा कुठेही मागे गेला नव्हता. फक्त टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल काही सापडेना. मालक सरळ म्हणाले, "आठवत नाही. केला नसावा." (हा पट्टा तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. एका रबरी पट्ट्यापायी अख्खं इंजिन!) म्हणजे तो खर्च आला.

गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं घाटकोपरला नेली. पवईच्या चढावर क्लच किंचित सुटत होता : इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. ब्रेक मात्र सरळ रेषेत लागत होते. गाडी कुठल्याच बाजूला ओढत नव्हती. आजींना घाटातून न्यायचं म्हटल्यावर मिस्त्रींनी तेच तीनदा करून पाहिलं. गॅरेजमध्ये वर चढवल्यावर पुढचा एक शॉकअॅब्सॉर्बर गळताना दिसला. यादी झाली : बेल्ट, क्लच प्लेट, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर. मिस्त्रींनी मजुरीसकट आकडा सांगितला, भावजींनी तेवढीच रक्कम किमतीतून मागितली, आणि थोडं इकडेतिकडे होऊन सौदा ठरला.

मग कागदपत्रं. चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली. दंडाची चलनं बाकी नाहीत ना, हे पाहिलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. ताईनं भिशीचे पैसे मोजून दिले तेव्हा तिचा हात थोडा थरथरला, हे मी पाहिलं.

आजी खाली आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, दारात बसून पाहिलं. "गुडघा वाकवावा लागत नाही रे फार," म्हणाल्या. भाच्यानं नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं : १,३८,४६२. टायमिंग बेल्ट बदलला.

आता तुमच्यासाठी काम. इमारतीखाली उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या टायरची बाजू बघा (मालकाला विचारून हं!). तिथे इंग्रजी अक्षरांच्या शेवटी चार आकडे एका लंबगोलात असतात. समजा २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. आकडे एकाच बाजूला छापलेले असतात, तेव्हा नाही दिसले तर आतल्या बाजूला डोकवा. तुमच्या सोसायटीत सगळ्यात म्हातारा टायर कुठल्या साली जन्मलेला निघाला, ते मला कळवा.