दार उघडू नका, आधी बघा!

नव्या हॅचबॅकच्या पैशात सेकंडहँड एस-क्लास? कुणीही भुलेल! १९९८ ते २००५ दरम्यान बनलेल्या डब्ल्यू २२० मॉडेलबद्दल ऑफिसात कुणी विचारलं, की माझा फंडा एकच. लेदर सीट्स नंतर बघा. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करायला सांगा आणि सकाळी दार उघडायच्या आधी चारही चाकांवरची उंची बघा.

या गाडीत साध्या स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात, म्हणजे एअरमॅटिक सस्पेन्शन. रबराला चिरा पडल्या, की रात्रीतून हवा सुटते आणि गाडीचा एक कोपरा खाली बसतो. ती हवा भरून काढता काढता कॉम्प्रेसर बिचारा दमतो नि एक दिवस जळतो. त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी साबणाचं पाणी मारून गळती शोधायची, तो स्ट्रट बदलायचा, कॉम्प्रेसरचा रिलेही त्याच वेळी नवा टाकायचा. काही जण कॉइल स्प्रिंग बसवून मोकळे होतात. गाडी पळते, पण ते तरंगणं जातं. मग एस-क्लास घेतली कशाला, राव?

आणि डीलर म्हणाला, ‘तुम्ही यायच्या आत गाडी सुरू करून ठेवतो,’ तर सरळ दुसरी गाडी बघा.