घासून पुसलेली संहिता

जुने पिस्तूल हाती आले की त्याचा पृष्ठभाग तेजाबाने उतरवायचा, बफाच्या चाकावर घासून आरशासारखा करायचा आणि वर नवे ब्लूइंग चढवायचे, या उद्योगाला 'जीर्णोद्धार' म्हणण्याची प्रथा आहे. आम्ही याला संहितेची मोडतोड म्हणतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय काढण्याचे कारणही तेच आहे.

पहिल्या महायुद्धातले जर्मन लुगर, म्हणजे पी. ०८, घ्या. सैन्यासाठी बनलेल्या या पिस्तुलाच्या चेंबरवर उत्पादनाचे वर्ष असते. बाजूला तपासनिसांचे ठसे असतात, मुकुट आणि त्याखाली गोथिक अक्षर. बारीकसारीक भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. कित्येकांच्या मुठीच्या पुढल्या पट्टीवर रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्राचा क्रमांक ठोकलेला आढळतो. काहींवर १९१७ किंवा १९१८ च्या जोडीला १९२० हा आकडा दिसतो. पराभवानंतरच्या प्रजासत्ताकाने सरकारी मालकीची खूण म्हणून तो मारला. एकाच लोखंडावर साम्राज्य आणि प्रजासत्ताक अशी दोन हस्ताक्षरे!

रंग हाही या मजकुराचाच भाग. १९३७ च्या सुमारापर्यंत लुगरचा निळसर काळा रंग गंजातूनच काढला जाई: मुद्दाम गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा होऊ द्यायचा, सैल भुकटी ब्रशाने झाडायची, आणि पुन्हा तेच. काही लहान भाग तापवून गवती पिवळे केले जात. पुढे तप्त क्षारांच्या द्रावणात बुडवण्याची झटपट रीत आली. तेव्हा १९१७ च्या पिस्तुलावर क्षारांची काळी झळाळी चढवणे म्हणजे जुन्या पोथीला आजचे शुद्धलेखन लावणे होय. ठसा रंगाआधी मारला की नंतर, हे त्याच्या तळाशी रंग आहे की उघडा धातू यावरून उमगू शकते. तेजाब तो पुरावा एका बैठकीत धुऊन टाकते. मग बफ येतो. कडा गोल होतात, अक्षरे उथळ होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात.

'मग गंज खाऊ द्यायचा काय?' असे विचारले जाते. मुळीच नाही. धातू पोखरणारा तांबडा गंज थांबवलाच पाहिजे. त्यासाठी तेल, हलका हात आणि चिकाटी लागते, आणि वर संरक्षक मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असे मेण तयार झाले, ते आजही वापरात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारखान्यातून निघताना वस्तू चकचकीतच होती, आम्ही तिला मूळ रूप देतो. पण मूळ रूप परत येत नाही. येते ते मूळ रूपाविषयीचे आपले अनुमान. आणि जिथे अनुमान सुरू होते तिथे पुनर्स्थापनाने थांबावे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत स्पष्ट केले आहे. त्याच्याही आधी, १८७७ साली, विल्यम मॉरिस या कवीने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचे टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', खरवडणीविरोधी, असे पडले. कवीला हे कळावे यात नवल नाही.

ज्या पिस्तुलाचे ठसे आधीच कुणी घासून नाहीसे केले आहेत, त्याला हवा तो रंग द्यावा. तिथे गमावण्यासारखे फारसे उरलेले नाही. मात्र विकताना ते सांगावे. न सांगणे ही फसवणूक आहे.

शस्त्राविषयी आम्हाला ममत्व नाही. ते माणसे मारण्यासाठी घडवले गेले, आणि नेमके म्हणूनच ते कोणत्या कंपनीच्या हाती होते हे सांगणारी ओळ पुसली जाऊ नये. चकाकणारे पिस्तूल दिवाणखान्याची शोभा होते. झिजलेले पिस्तूल साक्षीदार राहते. पाठभेदांसाठी रात्री जागवणाऱ्यांनी तरी या साक्षीदाराची बाजू घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे.