‘उद्या ये’ म्हणणाऱ्यांनो...

परवा आमच्या इंझोरीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मला बोलावणं नव्हतं. हे गेल्यापासून नसतंच. त्यातल्या कितीतरी जणींच्या पोरांना मी बाराखडी शिकवली, पण ते वेगळं! असो.

दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एक बाई ओसरीवर येऊन बसल्या. बोलता बोलता विषय ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या संस्थांवर गेला. “सेवाबिवा काही नाही हो मॅडम, बाटवायचे धंदे!” त्या म्हणाल्या.

मी त्यांना सिस्टर लुसी कुरियन यांची गोष्ट सांगितली. १९९१ साली पुण्यात त्यांच्याकडे एक गरोदर बाई आसरा मागायला आली. सिस्टर म्हणाल्या, उद्या ये. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती वाचली नाही. त्या ‘उद्या’नं सिस्टरांना स्वस्थ बसू दिलं नाही. १९९७ साली पुण्याजवळ वढू बुद्रुकला त्यांनी घर उघडलं. नाव काय ठेवलं? ‘माहेर’! तिथे सगळ्या धर्मांच्या बाया-मुलं राहतात, सण सगळ्यांचे होतात.

शंका घेऊ नका असं मी म्हणत नाही. हिशेब जरूर मागा. मदर तेरेसांच्या संस्थेचा परदेशी देणग्यांचा परवाना डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नूतनीकरण न करता थांबवला, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दिला. तपासणी सरकारचं काम आहे, ते करील. पण जी बाई रात्री घराबाहेर काढली जाते, तिला दार कोण उघडतं, हा प्रश्न आपला आहे. आपण दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्यानं उघडलं की त्याचा धर्म विचारायचा, हा कुठला न्याय?

कोल्हापूरच्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक निघालं, की सगळ्या ग्रामपंचायतींनी हाच कित्ता गिरवावा. कागद निघाला हो, पण हळदीकुंकवाच्या ताटापर्यंत पोचला का? आपल्या वाशीम जिल्ह्यात कर्जापायी गळफास घेतलेल्यांच्या बायका थोड्या आहेत का? त्यांना वाणाची वाटी नको आहे, माणसांत जागा हवी आहे.

आता माझं सांगते, नाहीतर नुसता उपदेश होईल. नोकरीत असताना एका पावसाळी रात्री वर्गातल्या एका मुलीची आई दारात उभी राहिली. कपाळ सुजलेलं. मी म्हटलं, “उद्या ये वं बाई, सकाळी बोलू.” ती आली नाही. पोरगीही शाळेतून गेली. माहेरी गेल्या म्हणे. मी चौकशी केली नाही. लोक काय म्हणतील, याची भीती! सिस्टरांनी त्या एका शब्दाचं घर बांधलं, मी मात्र तो गिळून टाकला.

म्हणून मंडळींना एकच मागणं. पुढच्या संक्रांतीला वाणाचे पैसे एकत्र करा. गावात एक खोली, एक खाट, आतून कडी आणि दोन बायांकडे किल्ली. १८१ हा महिला मदतीचा नंबर दारावर रंगवा. एवढं करा, आणि मग खुशाल सिस्टरांना नावं ठेवा.

आणि किल्ली सांभाळायला कुणी नसेल तर मी आहे. तेवढ्यासाठी तरी बोलवा.