पूर्ण किमतीचे मल्टिप्लेअर गेम अर्धवटच बाजारात येतात का?

६०-७० डॉलर मोजून गेम घ्यायचा आणि आठवडाभरात तेच मॅप, तेच सामने खेळून कंटाळायचं. ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमबद्दलची ही तक्रार किमान दहा वर्षं जुनी आहे. पुढच्या अपडेटमध्ये आणखी कंटेंट येईल, हे त्यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. पण पैसे एकरकमी घेतले जात असतील, तर कंटेंट हप्त्याहप्त्याने का?

तक्रारीला कारण काय?

नोव्हेंबर २०१५ मध्ये ईए कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट' ६० डॉलरला आला. गेम देखणा होता, पण त्यात एकट्याने खेळायची मोठी कथा नव्हती. पुढचे मॅप हवे असतील तर ५० डॉलरचा वेगळा सीझन पास. म्हणजे पूर्ण गेमचा खर्च ११० डॉलर. बरीच टीका झाली. २०१७ च्या दुसऱ्या भागात कंपनीने कथा दिली आणि सीझन पास काढून टाकला.

तरी प्रश्न संपला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'बॅटलफिल्ड २०४२' मध्ये कथा नव्हती, मुख्य मोडसाठी सात नवे मॅप होते आणि व्हॉइस चॅटसारखी साधी सोयही सुरुवातीला नव्हती. पहिला सीझन आला थेट जून २०२२ मध्ये.

कंपन्या असं का करतात?

यामागे 'लाइव्ह सर्व्हिस'चं गणित आहे. विकत मिळणाऱ्या मॅपमुळे खेळाडूंमध्ये फूट पडायची. ज्यांनी पैसे भरले ते एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. म्हणून आता नवे मॅप बहुधा मोफत मिळतात आणि कमाई स्किन, बॅटल पास यांतून होते. खेळाडू महिनोन् महिने टिकावा, यासाठी कंटेंट राखून ठेवणं कंपनीच्या फायद्याचं ठरतं.

एक तांत्रिक कारणही आहे. फार मोड आणि मॅप दिले, तर खेळाडू विखुरतात आणि सामना जुळायला वेळ लागतो.

मग कंटेंट मोजायचा कसा?

नुसत्या आकड्यांवरून नक्कीच नाही. मे २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच' २१ हिरो आणि १२ मॅप घेऊन आला. त्यातही कथेचा मोड नव्हता, तरी तो गाजला. कारण प्रत्येक हिरोची खेळायची पद्धत वेगळी होती आणि नवे हिरो, मॅप मोफत मिळणार होते.

फेब्रुवारी २०२४ मधला 'हेलडायव्हर्स २' ४० डॉलरचा होता आणि त्यात सुरुवातीला शत्रूंचे फक्त दोन गट होते. तरीही १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीचा 'कॉन्कॉर्ड' त्याच किमतीत आणि १६ पात्रांसह आला. खेळाडूच फिरकले नाहीत आणि दोन आठवड्यांत तो बंद करून पैसे परत द्यावे लागले.

थोडक्यात, मॅप किती यापेक्षा दहावा सामना पहिल्यापेक्षा वेगळा वाटतो का, हे महत्त्वाचं.

धोका कोणाचा?

मुख्यतः ग्राहकाचा. 'कॉन्कॉर्ड'चे पैसे परत मिळाले, पण तो अपवाद. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या 'अँथम'वर तोचतोचपणाची टीका झाली. नव्याने घडवण्याची योजना २०२१ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्व्हर बंद झाले. हा गेम ऑनलाइनच चालायचा, त्यामुळे विकत घेतलेली प्रत आता उघडून उपयोग नाही. म्हणजे पुढचा कंटेंट येईल या भरवशावर पैसे आधी जातात, आणि तो आला नाही तर नुकसान खेळाडूचं.

भारतात हा मुद्दा जास्त बोचतो. इथे बीजीएमआयसारखे गेम फुकट मिळतात आणि मोठ्या कन्सोल गेमसाठी चार-पाच हजार रुपये जातात.

घेण्याआधी काय पाहावं?

स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झाला असेल, तर पैसे परत मागता येतात. पण तोचतोचपणा दोन तासांत कळत नाही, तो पंधरा-वीस तासांनंतर जाणवतो. म्हणून प्री-ऑर्डर टाळून दोन-तीन आठवडे थांबणं, तेव्हाही सामने पटकन जुळतात का हे पाहणं आणि आज गेममध्ये जे आहे तेवढ्याचीच किंमत करणं शहाणपणाचं. कंपनीचा रोडमॅप हे फक्त आश्वासन आहे. त्याचे पैसे आज मोजायची गरज नाही.