वेगळी टोपली

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं परगांवाहून कॉफीची एक लहानशी पुडी आणली. किंमत ऐकतांच वहिनींनीं हातांतला पेला खालीं ठेवला. दूधसाखरेवांचून घ्यावयाची, असा सूनबाईंचा आग्रह. मीं एक घोट घेतला. कडूपणा बेताचाच, आणि मागें जाईच्या फुलांसारखा वास रेंगाळत राहिला. तेव्हां तिची हकीकत विचारणें प्राप्तच झालें.

मध्य अमेरिकेंतील पनामा देशांत, बारू ज्वालामुखीच्या उतारावर, बोकेते गांवाजवळ पीटरसन कुटुंबाचा ‘ला एस्मेराल्दा’ नांवाचा मळा आहे. तेथें ‘गेशा’ जातीचीं कांहीं झाडें होतीं. ही जात मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील रानांतली. तिचें बीं १९३० नंतरच्या दशकांत गोळा झालें. १९५३ सालीं तें आजच्या टांझानियांतील एका संशोधनकेंद्रांतून कोस्टारिकांत आलें, आणि १९६० नंतर पनामांत पोंचलें. तांबेऱ्याच्या रोगास ती टिकाव धरते, एवढाच तिचा लौकिक. फांद्या ठिसूळ, पीक थोडें. म्हणून शेतकऱ्यांनीं तिला जवळ केलें नाहीं. जेथें ती उरली तेथें तिचे दाणे इतरांच्या राशींत पडत, आणि तिचा सुगंध त्या राशींत बुडून जाई.

पीटरसनांच्या मळ्यांत बुरशीचा रोग पडला, तेव्हां हीं झाडें तगलेलीं दिसलीं. पुढें घरच्या मुलानें मळ्याच्या प्रत्येक भागाचें पीक निराळें ठेवून निराळें चाखलें. मग उमगलें कीं, तो फुलांचा वास साऱ्या मळ्याचा नव्हे, एका कोपऱ्यांतील त्या झाडांचा आहे. २००४ सालीं ती कॉफी पनामाच्या स्पर्धेंत पहिली आली, व लिलांवांत तिला पौंडास २१ डॉलर भाव मिळाला. २००७ सालीं तोच भाव १३० डॉलरांवर गेला.

समूहांतून एकास त्याच्या गुणावरून वेगळें काढणें, यास संस्कृत व्याकरणांत ‘निर्धारण’ म्हणतात. मीं तें वर्षानुवर्षें शिकविलें. आचरिलें किती, हा प्रश्न निराळा.

या कथेस दुसरीही बाजू आहे. भाव ऐकून पुष्कळांनीं गेशा लावली; परंतु डोंगराची उंची व थंड हवा नसेल, तर तीच जात सामान्य निपजते. तेव्हां दुर्मिळ तें मोलाचेंच, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच कीं, वेगळें चाखल्यावांचून कांहींच ठरवूं नये.

हें सर्व लिहिण्यास कारण घडलें तें असें. कोंकणांतील आमच्या सामायिक आगरांत आजोबांच्या वेळचीं सात रायवळ आंब्यांचीं झाडें आहेत. तीं तोडून तेथें हापुसाचीं कलमें लावावीं, असें पुतण्यानें लिहिलें असून माझी संमति मागितली आहे. त्याच्यावर कर्ज आहे. त्याचें म्हणणें अवास्तव नाहीं. मीं संमतीचें पत्र लिहूनही ठेविलें होतें. त्या रात्रीं आठवलें कीं, आमच्या घरीं साऱ्या रायवळांचा रस एकाच परातींत ओतून साठें घालीत आले. कोणत्या झाडाचें फळ कसें, हें आज आमच्यांपैकीं एकालाही सांगतां येणार नाहीं. आई सांगूं शकली असती. तिला आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

तें पत्र मीं फाडलें. दुसरें लिहिलें तें असें: “चि. बाळ, एक मोसम थांब. सात झाडांच्या सात टोपल्या निराळ्या ठेव, प्रत्येकीवर खूण कर, व मला बोलाव. आपण सर्व मिळून चाखूं. एकही टोपली थांबण्याजोगी न ठरली, तर कुऱ्हाड घाल. मी आड येणार नाहीं. या वर्षींच्या हप्त्यांत जें उणें पडेल, तें माझ्या निवृत्तिवेतनांतून घे.”

कुटुंबाची चूल एक असावी, हें माझें जुनें मत आजही कायम आहे. टोपल्या मात्र निराळ्या असाव्यात, हें मला फार उशिरां कळलें. पुतण्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.