घरगुती संगणक आणि त्याचा सरंजाम

शेतकऱ्याच्या घरांत संगणक असावा कीं नसावा, हा वाद आतां मागें पडला आहे. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा खातेउतारा, बाजारसमित्यांचे भाव हें सर्व ज्या मार्गानें येतें, त्या मार्गाचें एक दार आपल्या घरांत असावें, हें आमच्या वाचकांस पटवून देण्याची गरज नाहीं. वाद असावयास पाहिजे तो निराळाच, आणि त्याची चर्चा आपल्यांत जवळजवळ होतच नाहीं. बैल घेतांना आपण गोठा, वैरण व पाणी यांचा विचार आधीं करतों. संगणक घेतांना मात्र पेटी कोणती व किंमत किती एवढेंच विचारून दुकानाबाहेर पडतों. आमचें मत असें आहे कीं, शेतावरच्या घरांत संगणक उपयोगी पडतो कीं अडगळ होतो, हें त्याच्या सरंजामावरून ठरतें. हातीं असलेल्या पैशांपैकीं निदान तिसरा हिस्सा त्या सरंजामासाठीं आधीं बाजूस काढावा आणि उरलेल्या रकमेंत बसेल तें यंत्र घ्यावें. आमच्या घरीं पहिला संगणक १९९८ सालीं आला. तेव्हांपासून जें पाहिलें, त्यावरून हें लिहीत आहों.

प्रथम विजेचें. शहरांतील मनुष्यास वीज जाणें हीच काय ती अडचण वाटते; खेड्यांत तिचें परत येणें अधिक घातक. शेतवस्तीवरील घरें पुष्कळदां पंपांच्याच वाहिनीवर असतात, आणि एका वेळीं सर्व पंप सुरू झाले म्हणजे २३० व्होल्टांचा दाब १७० पर्यंत उतरलेला आम्हीं मापकावर पाहिला आहे. तथापि कमी दाबानें संगणक बंद पडला तरी सहसा जळत नाहीं. खरें भय आहे तें खांबावरची न्यूट्रल तार तुटण्याचें किंवा सैल होण्याचें. तसें झालें म्हणजे तिन्ही फेजांवरील भार असमान असल्यामुळें एखाद्या घरांत ३०० व्होल्टांहूनही अधिक दाब चढतो. दिवे क्षणभर पांढरेशुभ्र पेटतात आणि मग घरांतील जें जें जोडलेलें असेल तें तें जातें. ह्यासाठीं जादा दाब होतांच प्रवाह तोडणारें साधन मीटरच्या फळीवरच बसवून घ्यावें. त्याची किंमत नव्या पडद्याच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.

ह्याहून अधिक उपेक्षित वस्तु म्हणजे अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीस उघडा हात लावतां झिणझिण्या येतात, अशी तक्रार आमच्याकडे अनेक मित्रांनीं केली आहे, आणि दुकानदार ‘तसें होतच असतें’ म्हणून त्यांस परत पाठवितो. तसें होतें तें घरास अर्थिंग नसल्यामुळें. पेटीतील वीजपुरवठ्याच्या संचांत जी गाळणी असते, ती थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडते. त्यास जमिनीची वाट मिळाली नाहीं म्हणजे तो हाताची वाट धरतो. बाजारांत ‘स्पाइक गार्ड’ म्हणून जी पट्टी मिळते, तीही अर्थिंगवांचून अर्ध्याच कामाची. आम्हीं घरामागें आठ फुटांचा खड्डा घेऊन त्यांत जस्ताचा मुलामा दिलेली नळी कोळसा व मीठ यांच्या थरांत पुरली आहे, आणि उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां तेथें बादलीभर पाणी ओततों. कांहीं वायरमन खड्डा टाळण्यासाठीं न्यूट्रलचीच तार अर्थिंगच्या छिद्रास जोडून देतात. ही शुद्ध फसवणूक आहे व प्राणघातकही आहे, कारण न्यूट्रल तुटला कीं पेटीचा पत्राच सजीव होतो. ज्यानें असें केलें असेल, त्यास पुनः घरांत घेऊं नये.

यूपीएसविषयीं लोकांची समजूत चमत्कारिक आहे. ती पेटी म्हणजे लहानसा इन्व्हर्टर आहे असें समजून वीज गेल्यावर तिच्यावर तासभर काम करूं पाहणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. सामान्य ६०० व्हीएच्या यूपीएसमध्यें १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बंद शिशाची बॅटरी असते. तिचें काम दहापंधरा मिनिटें धीर देण्याचें. तेवढ्यांत काम जतन करून यंत्र रीतीनें बंद करावें. ही बॅटरी दोनतीन वर्षांत उतरते, आणि उष्णतेनें त्याहून लवकर. २५ अंशांच्या वर दर दहा अंश उष्णता वाढली कीं तिचें आयुष्य सुमारें निम्में होतें. मग पत्र्याच्या छपराखालीं वैशाखांत तिची काय अवस्था होत असेल, हें सांगावयास नको. बैलाच्या नालाप्रमाणें हा नियमित खर्च धरावा. जुनी बॅटरी भंगारांत न घालतां दुकानांत परत द्यावी. तिच्यांतील शिसें विषारी आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांन्वयें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्यांस हा सर्व व्याप नको असेल त्यांनीं लॅपटॉप घ्यावा. त्याच्या पोटांतच बॅटरी असल्यामुळें यूपीएस लागत नाहीं. नव्यानें घेणाऱ्यास आम्ही आतां हाच सल्ला देतों.

यंत्र कोठें ठेवावें, हें तर कोणी सांगतच नाहीं. खताच्या पोत्यांची खोली व संगणकाची खोली एक असूं नये. खताची भुकटी हवेंतील ओल शोषून तांब्याचे सांधे खाते. द्राक्षबागाईतदारांनीं गंधकाची भुकटी ह्याच कारणानें दूर ठेवावी. धान्यांत अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणारांस तर आमचें आग्रहाचें सांगणें आहे: त्यांतून सुटणारा फॉस्फिन वायु तांब्यासही गंजवितो, आणि मनुष्यास तर तो मारकच आहे. राहत्या घरास लागून असलेल्या कोठींत त्या वापरूंच नयेत. संगणक वांचविणें हें त्यांतील गौण कारण समजावें. उंदरांचा बंदोबस्त प्रत्येकानें आपल्या रीतीनें करावा.

छपाईचें यंत्र निवडतांना एकच प्रश्न विचारावा: महिन्यांतून किती पानें छापणार? शाईचा इंकजेट प्रिंटर महिना दोन महिने पडून राहिला कीं त्याच्या तोंडांत शाई वाळते, आणि तें तोंड धुण्यांतच उरलेली शाई संपते. सुगीच्या दिवसांत आपणांस छपाईस सवड कोठली? लेसर प्रिंटरची भुकटी वाळत नाहीं. वर्षभर न वापरतां ठेवला तरी चालतो. मात्र तो यूपीएसवर जोडूं नये, कारण कागद तापवितांना तो एकदम फार वीज ओढतो. प्रिंटरपेक्षांही आम्ही स्कॅनरास अधिक मान देतों. हल्लीं बियाण्यांचीं व औषधांचीं बिलें उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर देतात. त्यांवरील अक्षर कांहीं महिन्यांत फिकें होऊन शेवटीं कागद कोरा राहतो. बियाणें उगवलें नाहीं म्हणून तक्रार करावयाची वेळ आली, तर ती पावती व पिशवीवरील लेबल हाच आपला पुरावा. आणल्या दिवशींच त्यांची प्रतिमा घेऊन ठेवावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. सरंजामांत लोक कळफलक धरतात, परंतु लिपि धरीत नाहींत. आम्हीं १९९८ पासून २००७ पर्यंतचे ऊस, कांदा, मजुरी व विहीर यांचे हिशेब त्या काळच्या एका मराठी अक्षरसंचांत लिहिले. गांवांत तेव्हां दुसरी सोय मिळत नव्हती. ह्या जुन्या अक्षरसंचांची रचना अशी असे कीं, यंत्राच्या लेखीं आपण इंग्रजी अक्षरेंच टंकीत असूं. पडद्यावर तेवढ्या त्यांच्या जागीं मराठी आकृति दिसत. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. पुढें नवा संगणक आला, जुना अक्षरसंच त्यावर चालेना, आणि वह्या उघडून पाहतों तों सर्वत्र इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा! गंमत अशी कीं आंकडे सर्व जागच्या जागीं शाबूत होते. चार हजार दोनशें खर्च झाले खरे, पण ते कशावर, हें कळेना. नेमक्या त्याच वेळीं सामाईक विहिरीच्या खर्चाचा हिशेब भाऊबंदांपुढें ठेवावयाचा होता. कोणीं आमच्या सचोटीविषयीं शंका घेतली असें नाहीं. परंतु ज्या हिशेबाचें तोंडच वाचतां येत नाहीं, तो घेऊन बसणें किती अवघड असतें, हें ज्यानें भोगलें त्यासच ठाऊक. अखेर रूपांतर करणारी एक संगणकीय सोय मिळाली. तिनें नव्वद हिस्से काम केलें. रफार व ऱ्हस्व वेलांट्या मात्र भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, आणि त्या पावत्यांशीं ताडून दुरुस्त करण्यांत आमचा एक हिवाळा गेला.

म्हणून सांगतों: युनिकोडखेरीज अन्य कोणत्याही रीतीनें एक अक्षरही लिहूं नये. त्यांतील देवनागरीची प्रत्येक खूण जगभर एकच आहे, आणि उद्यांचें यंत्रही ती वाचील. कळफलकाची ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें ठरविली आणि १९९१ सालीं ती भारतीय मानकांत आली. डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं व्यंजनें, आणि सर्व भारतीय लिप्यांस तीच एक मांडणी. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला कीं ती बसते. इंग्रजी अक्षरें टंकून मराठी उमटविण्याची जी रीत तरुण मंडळींत रूढ आहे, ती निरोपापुरती ठीक. हिशेबांत ती ‘ळ’चा घात करते. मळणी, पाळी, गूळ, नळ यांवांचून ज्याचा एक दिवस जात नाहीं, त्यानें ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ळ’ देणारी मांडणी शिकावी हें बरें.

मग प्रश्न प्रतींचा. फ्लॉपी नांवाच्या तबकड्यांवर १.४४ मेगाबाइट मजकूर मावत असे. दोन पावसाळ्यांत त्यांवर बुरशी चढली, आणि आतां त्या वाचणारें यंत्रच नव्या संगणकांत नसतें. पेनड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तु आहे, सांठविण्याची नव्हे. वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिली तर तिच्यांतील नोंद क्षीण होऊं शकते. आमच्या हिशेबाची एक प्रत यंत्रांत, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी तालुक्याच्या गांवीं थोरल्या बहिणीच्या घरीं असते. दर अमावास्येस दुसरी प्रत नवी होते, दिवाळीस तिसरी. वीज घरावर पडली किंवा घर पाण्याखालीं गेलें, तरी दोन्ही घरें एकाच दिवशीं जाणार नाहींत.

येथें कोणी म्हणेल, हातांत मोबाइल असतांना हा सारा खटाटोप कशाला? मोबाइलचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधावर उभें राहूनच करावयाची असते. तेथें संगणक काय कामाचा? परंतु तीन वर्षांचा खर्च शेजारीं शेजारीं मांडून कोणत्या गटांत आपण तोट्यांत आहों हें पाहावयाचें, तें तळहाताएवढ्या पडद्यावर होत नाहीं. शिवाय मोबाइल हरवतो, विहिरींत पडतो, आणि दोनचार वर्षांनीं बदलला जातो.

विंडोज १० ह्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं सर्वसाधारणपणें थांबली, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाहीं. हें निमित्त करून चांगलीं चालतीं यंत्रें टाकून देण्याचा आग्रह दुकानदार करूं लागले आहेत. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करूं नयेत, हें खरें. पण इंटरनेटची तार काढून घेतली तर हिशेबासाठीं तें आणखी कित्येक वर्षें चालेल. किंवा लिनक्स बसवून त्यावर लिब्रेऑफिस घ्यावें, दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोहोंतही मराठी नीट चालतें. नव्या यंत्राचे जे पैसे वांचतील, त्यांतून पावसाळ्यापूर्वीं अर्थिंगचा खड्डा घेऊन टाकावा.